धामणकर नाक्यावरची नाडीपरीक्षा

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षातून पाय खाली टेकतो न टेकतो तोच एखाद्या बाईनं तुमचं मनगट धरलं, तर आरडाओरडा करू नका. तुमचं पाकीट जागेवर आहे. ती बाई चोर नाही, भविष्य सांगणारी नाही आणि तुमची विसरलेली मावशीही नाही. ती मालन सिस्टर आहे. ती तुमची नाडी बघतेय. काही विचारायला तोंड उघडलंत, तर पदराला टाचलेल्या घड्याळावरची नजर न हलवता ती म्हणेल, "बोलू नका. मोजतेय."

मोजून झालं की तुमचा हात तुम्हाला परत मिळतो. आता ही आपल्याला मीठ कमी करायला सांगणार, अशा अपेक्षेनं तुम्ही उभे राहता. पण सिस्टर तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती रिक्षाच्या काचेवर, म्हणजे कपाळ असतं त्या जागी, तळहात ठेवते आणि जाहीर करते, "हिची तब्येत बरी नाही."

तुमची नव्हे, रिक्षाची.

मला या बाईचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला ते माझ्या वाक्यांच्या फटीत शोधत बसायला नको.

त्याचं असं आहे, की भिवंडीतल्या प्रवाशांच्या सुरक्षिततेची काळजी करणं हे मुळात माझं काम आहे. मी अन्वर. सुताचा धंदा हल्ली धाकटा भाऊ बघतो आणि मी आमच्या प्रवासी मंडळाचं अध्यक्षपद बघतो. बस उशिरा आली, फलाट खचला, थांब्यावरचा दिवा गेला, की मी निवेदन लिहितो. माझं मराठी चांगलं आहे. 'तीव्र चिंता', 'गंभीर दखल' आणि 'अन्यथा' हे तीन शब्द माझ्या निवेदनात नाहीत असं कधी झालेलं नाही. निवेदन देताना फोटो निघतो. साहेब कागदाचं एक टोक धरतात, मी दुसरं. साहेब बदलत गेले. माझं टोक कायम राहिलं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा मालन सिस्टर नुकतीच रिटायर झाली होती. सगळी नोकरी तिनं सरकारी दवाखान्यात काढली. अर्ध्या भिवंडीला तिनं सुई टोचलेली आहे. त्यामुळं नाक्यावरचे मोठमोठे लूममालकसुद्धा तिच्यासमोर जरा अंग चोरूनच उभे राहतात. एकदा ती नाक्यावर भाजी घेत होती आणि समोर रिक्षातून उतरलेली एक बाई मटकन खाली बसली. सिस्टरनं पिशवी टाकली, तिची नाडी धरली. नाडी नुसती पळत होती. बाईला पाणी पाजलं, सावलीत बसवलं. मग सिस्टरच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं त्याच रिक्षातून उतरलेल्या दुसऱ्या माणसाचा हात धरला. त्याचीही नाडी पळत होती. तिसऱ्याचीही. रिक्षावाल्याची मात्र एकदम शांत.

"पेशंट तिघं," ती म्हणाली, "आणि आजार एकच. मग आजारी कोण?"

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी नाक्यावर उभी राहू लागली.

रिक्षावाले आधी हसले. मग चिडले. मग, माणसाच्या बाबतीत नेहमी होतं तसं, त्यांना त्याची सवय झाली आणि त्यांची आपापसात चढाओढ लागली. सिस्टरच्या भाषेत रिक्षा 'ठणठणीत' असते, 'अशक्त' असते, 'निरीक्षणाखाली' असते, आणि अगदीच हाताबाहेर गेली तर 'ॲडमिट' होते. ॲडमिट रिक्षानं ड्रायव्हरच्या शेजारी चौथी सीट बसवायची नाही आणि वळणावर ब्रेकला पाय लावायचा, हा उपचार. यामागं कायदा नाही, दंड नाही, शिक्का नाही. तरी एकदा दिघाशी गावचा रिक्षावाला भगवान पुढची सीट रिकामी ठेवून चाललेला दिसला. मी विचारलं, काय रे, गिऱ्हाईक नाही का?

"गिऱ्हाईक लय हाय, पन शीट भरता येत न्हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सिस्टरनी ॲडमिट केलाय. डिस्चार्ज भेटला की भरीन."

हाच भगवान. याच्या चौथ्या सीटबद्दल मी तीन साहेबांना निवेदनं दिली होती. सविस्तर. 'अन्यथा'सकट.

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय शांतपणे मांडला. म्हटलं, सिस्टरबद्दल आदर आहे, पण सुरक्षितता मोजायची म्हणजे अपघात मोजायचे. किती झाले, कुठं झाले, का झाले. सगळं जग तसंच मोजतं. नाडी धरून कुठं बस मोजतात का?

सिस्टरला कुणीतरी बोलावून आणलं होतं. ती मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. म्हणाली, "अन्वरभाई, दवाखान्यात किती मेले एवढंच विचारलंत, तर जे कण्हत घरी गेले ते कुठं लिहिणार? माणूस गाडीतून धड उतरला, पण उद्या परत बसायला घाबरला, त्याचा कागद कुठल्या कपाटात असतो?"

लोकांनी मान डोलावली. मी म्हटलं, "हा मुद्दाही तीव्र चिंतेचा आहेच."

"तीव्र म्हणजे किती?" तिनं विचारलं. खरोखर, निरागसपणे विचारलं. लोक हसले. मीही हसलो, कारण अध्यक्षाला हसावं लागतं.

पण माझेही दिवस आले. एका संध्याकाळी सिस्टरनं एकाच बसमधून उतरलेल्या पोरींचे हात धरले. सगळ्यांच्या नाड्या सुसाट. तिनं ती बस तिथल्या तिथं ॲडमिट करून टाकली. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून हात जोडायला लागला. मग एक पोरगी म्हणाली, "काकी, रिझल्ट लागलाय आज. बसमध्येच बघितला." दुसऱ्या वेळी तिनं लूमवरच्या एका कामगाराचा हात धरला आणि रिक्षावाल्याला झापायला सुरुवात केली. कामगार म्हणाला, "रिक्षा ठीक है, सिस्टर. गाव से फोन आया है, बेटी हुई है." सिस्टरनं त्याचं अभिनंदन केलं आणि रिक्षावाल्याची माफी मागितली. नाका खिदळला. मी त्या दिवशी घरी चालत गेलो. रिक्षात बसलो असतो तर इतका आनंद मावला नसता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "सिस्टर, काळीज काय फक्त गाडीमुळं धडधडतं? माणूस चढतानाच धडधडत चढला असेल तर? आधीचं माहीत नसताना नंतरच्याला काय अर्थ?"

मला वाटलं, आता ही बाई गप्प बसेल. पण तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "अन्वरभाई, केवढी मोठी गोष्ट सांगितलीत! चढायच्या आधी मोजायला पाहिजे. एवढी वर्षं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर नाडी बघितली, आणि इथं मी विसरले!"

त्या दिवसापासून ती चढणाऱ्यांचीही नाडी बघायला लागली आणि तिचं निदान पक्कं व्हायला लागलं. लोक म्हणायचे, सिस्टरनं काय डोकं चालवलंय. मी सांगायचो, ते माझं डोकं आहे. कुणी ऐकायचं नाही. सिस्टर स्वतः सगळ्यांना सांगायची, "ही अन्वरभाईंची कल्पना." लोक त्यावर म्हणायचे, किती मोठ्या मनाची बाई आहे बघा, श्रेय दुसऱ्याला देते.

आता सांगा, अशा बाईचं काय करायचं?

हे सगळं मी सहन केलं असतं. पण प्रकरण माझ्या घरात शिरलं.

माझी बायको जुबेदा. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो. इथं सगळ्यांना कळेल अशी करून लिहितो. काही वर्षांपूर्वी जुबेदा बसमधून उतरत होती. तिचा एक पाय खाली, एक पायरीवर, आणि ड्रायव्हरनं गाडी सोडली. ती पडली. हाड मोडलं नाही. गुडघा खरचटला, चप्पल तुटली, चार लोकांनी उचलून उभं केलं. मी नोंद घेतली ती अशी, की काही झालं नाही. पण त्यानंतर तिनं गाडीत बसणंच सोडलं. आमची मुलगी कल्याणला दिलेली आहे. आधी जुबेदा उठसूट तिच्याकडं जायची; नंतर मुलीनंच इकडं यायचं असा रिवाज पडला. मी किती वेळा म्हटलं, "अगं, काही होत नाही. चल, मी आहे ना!" ती म्हणायची, "तुम्ही आहात हो. पण तुम्ही पुढं चालता."

आणि एका संध्याकाळी मी नाक्यावर बघतो, तर जुबेदा एका उभ्या रिक्षात बसलेली. रिक्षा बंद. ड्रायव्हरच्या जागेवर भगवान चहा पितोय. शेजारी सिस्टर, जुबेदाचं मनगट हातात घेऊन. दोघी कशावर तरी इतक्या हसत होत्या, की जुबेदाची ओढणी खांद्यावर आली होती. ती असं हसते हे मला माहीत होतं. पण आठवायला थोडा वेळ लागला.

मी पुढं झालो. म्हटलं, "हे काय चाललंय?"

"बोलू नका," जुबेदा म्हणाली. "मोजतेय ती."

दोघी रोज बसायच्या असं मला नंतर कळलं. आधी उभ्या रिक्षात. मग नाक्याला एक वळसा. मग बाजारापर्यंत. जुबेदाची नाडी चढली की सिस्टर भगवानला थांबवायची. उतरली की पुढं. घरी जुबेदा मला काही सांगत नसे. भाकरी थापताना मधेच स्वतःशी हसायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, मालनचं आठवलं." मालन! सगळी भिवंडी जिला सिस्टर म्हणते, तिला माझी बायको एकेरीत मालन म्हणते. आणि मला लग्न झाल्यापासून 'अहो'.

एकदा दुपारी मुलीचा कल्याणहून फोन आला. "अब्बा, अम्मी पोचली. सिस्टर आलीय सोबत. काळजी करू नका." मी काळजी करत नव्हतो. मला वाटत होतं जुबेदा आत झोपलीय. त्या दिवशी मला एकाच वेळी इतका आनंद आणि इतका जळफळाट झाला, की नमाजाआधी हातपाय धुवायची वजू मी दोन वेळा केली आणि तरी चित्त लागेना.

कल्याणच्या या वाऱ्यांतूनच पुढचं कोनचं प्रकरण निघालं. कल्याणच्या रस्त्यावर कोन गावाला बस थांबते, पण कडेला नाही. थांबते ती रस्त्यातच. एका बाजूनं ट्रेलर, दुसऱ्या बाजूनं टेम्पो आणि मधे पायरीवरून उतरणारं माणूस. जुबेदा घरी येऊन म्हणाली, "कोनला मालननं सगळ्यांच्या नाड्या बघितल्या. तिथं काही खरं नाही." मी त्या थांब्याबद्दल पूर्वीच निवेदन दिलेलं होतं. उत्तरही आलेलं होतं, की सदर ठिकाणी अपघाताची नोंद नाही.

मी परत साहेबांची वेळ घेतली. यावेळी सोबत सिस्टर आणि जुबेदा आल्या. मी भाषण तयार केलं होतं. 'तीव्र' काढून टाकला होता, 'किती?' असं कुणी विचारलं तर, म्हणून. साहेब तरुण आणि सभ्य होते. माझं अर्धं ऐकून झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "साहेब, तुम्ही आमच्याबरोबर बसनं कोनला चला. उतरा. मी तुमची नाडी बघते. ठीक निघाली तर आम्ही परत येणार नाही."

साहेब हसले. पण 'परत येणार नाही' हे शब्द साहेब लोकांच्या फार आवडीचे असतात. त्यांनी आपली गाडी मागून कोनला पाठवायला सांगितली आणि आमच्याबरोबर बसमध्ये चढले. चढताना सिस्टरनं नाडी घेतली.

आता व्हायचं तेच झालं. बसमध्ये साहेब आहेत हे ड्रायव्हरला कळलं होतं. त्यानं कोनला बस अशी अलगद कडेला लावली, की दारातून थेट फुटपाथवर पाय. कंडक्टरनं हात पुढं केला. साहेब रुबाबात उतरले. सिस्टरनं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. "ठणठणीत," ती पुटपुटली.

साहेब म्हणाले, "म्हणजे झालं तर."

मला वाईट वाटलं, असं मी लिहिणार होतो. पण खरं सांगायचं तर आतून एक छोटी कळी उमलली. बघा, म्हटलं, नाडीवर राज्य चालत नाही.

पण साहेबांची गाडी आली ती रस्त्याच्या पलीकडं. ड्रायव्हरला वळवून आणायला जागा नव्हती. साहेबांना रस्ता ओलांडायचा होता. ते एक पाऊल पुढं गेले, ट्रेलर आला, मागं आले. परत पुढं, टेम्पो, परत मागं. तिसऱ्या वेळी ते निम्म्यात पोचले आणि तिथंच अडकले. पुढून हॉर्न, मागून हॉर्न. मी कडेवरून ओरडत होतो, "साहेब, पुढं! साहेब, मागं!" दोन्ही सूचना योग्य होत्या, पण एकदम दिल्या गेल्या.

तेव्हा जुबेदा उतरली रस्त्यात. माझी जुबेदा, जी कालपरवापर्यंत बंद रिक्षात बसायला घाबरत होती. तिनं एक हात वर करून ट्रेलरवाल्याकडं असं बघितलं, जसं ती दूध उतू घालवणाऱ्याकडं बघते. ट्रेलर थांबला. तिनं साहेबांचा हात धरला, "चला बाळा," म्हणाली, आणि त्यांना पलीकडं पोचवलं.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. आम्हीही मागोमाग पलीकडं पोचलो, तेव्हा त्यांनीच सिस्टरसमोर हात पुढं केला.

"आता मोजायची गरज नाही," ती म्हणाली. "घामावरून दिसतंय."

थोड्या दिवसांत थांबा पुढं रुंद जागेवर गेला, गतिरोधक आले, पांढरे पट्टे आले. पट्टे रंगवले त्या दिवशी फोटो निघाला आणि स्थानिक पेपरात छापून आला. मधे साहेब, एका बाजूला सिस्टर, एका बाजूला जुबेदा. डावीकडच्या कडेला एक कोपर आहे. पांढऱ्या शर्टातलं, इस्त्री केलेलं. ते माझं.

मंडळाची पुढची बैठक झाली तेव्हा सिस्टर आली नव्हती. नाक्यावरही दोन-चार दिवस दिसली नव्हती. मुलीच्या घरी पाहुणे आले म्हणून जुबेदाही कल्याणला गेलेली होती. बैठकीत कुणीतरी सुचवलं, कुणीतरी अनुमोदन दिलं, आणि सिस्टरला अध्यक्ष करायचं ठरलं. मला 'सल्लागार' केलं. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडं बघत होते. निरोप कुणी द्यायचा? मावळत्या अध्यक्षांनी. शोभतं ते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सिस्टर राहते कुठं हे नाक्यावर कुणालाच पक्कं माहीत नाही. सगळ्यांना तिच्या हाताचा स्पर्श माहीत, घर नाही. शेवटी भगवाननं एक चाळवजा इमारत दाखवली. "हितं सोडायचो कधी कधी," तो म्हणाला. "वर कंदी गेलो न्हाय."

जिना चढताना मी मनात दोन वाक्यं घोळवत होतो. एक, अभिनंदनाचं. दुसरं, तिनं नाही म्हटलं तर 'जशी तुमची इच्छा' असं. दुसरं मला जास्त चांगलं जमत होतं.

दार उघडायला वेळ लागला. सिस्टर भिंतीला धरून उभी होती. पाय घोट्याशी सुजलेला, त्यावर तिनंच व्यवस्थित पट्टी बांधलेली. केस विंचरलेले, साडी चापूनचोपून. मला बघून ती एकदम गोंधळली. शेजारच्या दारातून एका बाईनं डोकावून बघितलं आणि मला म्हणाली, "सिस्टरकडं आलाय? कोण तुम्ही?" तिच्याकडं कुणी येतं याचंच तिला नवल वाटलेलं दिसत होतं.

एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, स्टीलची चार भांडी, एक खुर्ची. खुर्ची तिनं मला दिली. स्वतः कॉटवर बसली.

"कुठल्या रिक्षानं हे केलं?" मी विचारलं.

"रिक्षानं कुठलं? जिन्यानं," ती म्हणाली. "दुपारची घसरले. सगळी इमारत शिफ्टला गेलेली. लूमच्या आवाजात हाक कुणाला जाणार? मग बसले पायरीवर. शिफ्ट सुटेपर्यंत."

"एकटीच?"

"नाडी बघत बसले होते स्वतःची," ती हसली. "पण आकडे चुकत होते. मधेच विसरायचे, परत पहिल्यापासून."

मग मी निरोप सांगितला. छान सांगितला. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. मधेच म्हणाली, "अध्यक्ष तुम्हीच राहा, अन्वरभाई. मला कागद धरून उभं राहता येत नाही."

'जशी तुमची इच्छा' हे वाक्य तयार होतं. ते बाहेर आलं नाही. बाहेर लूमची खटखट चालू होती.

"तुम्हाला राग येतो ना माझा?" तिनं एकदम विचारलं. "मला कळतं. मला पण तुमचा येतो."

"माझा? मी काय केलं?"

"काही नाही. संध्याकाळी तुम्ही नाक्यावर उतरता. जरा उशीर झाला की जुबेदा माझ्याशी बोलता बोलता रस्त्याकडं बघायला लागते. मी विचारते, काय गं? ती म्हणते, काही नाही, हे आले नाहीत अजून. तुम्ही दिसलात की परत बोलायला लागते. तुम्हाला पत्ताच नसतो." तिनं पायावरची पट्टी उगाच सारखी केली. "मी एवढ्या गाड्या मोजते. पण स्वतः लांब कुठं जात नाही. वसईला माझी धाकटी बहीण आहे. गाडी इथून थेट जाते. बोलावते ती. मी म्हणते, बघू. भीती गाडीची नाही हो. निघाले आणि पोचले नाही, तर इथं कळणार कुणाला? तिकडं बहीण आहे, पण पोचले म्हणून इथं फोन करावा असं कुणी नाही. म्हणून नाक्यावर उभी राहते. लोक कुठून तरी येतात, कुठं तरी पोचतात. बरं वाटतं."

मी उठलो, तिचं स्वयंपाकघर म्हणायचं त्या ओट्यापाशी गेलो आणि चहा टाकला. साखर जास्त पडली. तिनं सगळा प्यायला.

संध्याकाळी जुबेदाला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी कल्याणहून थेट सिस्टरकडं गेली, एकटी, आणि आठवडाभर तिच्याकडंच जाऊन-येऊन होती. पेज काय, मच्छीचं कालवण काय, तेल लावणं काय. मी घरी पाव खाऊन दिवस काढले. विचारलं तर जुबेदा म्हणायची, "तुमचा पाय मोडला की तुमचंही करीन."

पाय बरा झाल्यावर सिस्टर एका सकाळी वसईला निघाली. आम्ही दोघं भिवंडी रोड स्टेशनवर तिला पोचवायला गेलो. फलाट आणि पायरी यांच्यामधल्या अंतराबद्दल मी काहीतरी बोलायला लागलो, दोघींनी माझ्याकडं बघितलं, मी थांबलो. सिस्टर चढली. खिडकीशी बसली. गाडी सुटली तेव्हा तिनं हात हलवला तो जुबेदाला. मलाही हलवला असेल. मला तो अर्धा वाटला.

घरी आल्यावर मी पेपर उघडला. एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होतो. जुबेदा म्हणाली, "इतकं काय घड्याळ बघताय?" मी म्हटलं, "कोण बघतंय?"

फोन वाजला तेव्हा जुबेदाचे हात पिठात होते. फोन तिचाच, नाव सिस्टरचं. "उचला की," ती म्हणाली.

उचलला. पलीकडं बायकांचा गलका, भांड्यांचा आवाज, कुणीतरी "ताई, हात धू" म्हणत होतं.

"अन्वरभाई का? पोचले मी."

"बरं," मी म्हटलं. "सांगतो जुबेदाला."

"तिला सांगा," ती म्हणाली. "पण तुम्हालाही सांगतेय."

मी फोन ठेवला. जुबेदा माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, "पोचली," आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.